गरीब देशांतील प्राथमिक शिक्षणाला परदेशी मदत: पैसा नेमका कशावर खर्च व्हावा?

मुळाक्षर:

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून ही मदत वाटणाऱ्या ‘यूएसएड’ या सरकारी संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व संपले. ब्रिटनने २०२१ मध्ये आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली होती. २०२७ पर्यंत ती ०.३ टक्क्यांवर आणण्याचे आता जाहीर झाले आहे. या कपातीची चर्चा झाली ती मुख्यतः औषधे, लसी आणि अन्नधान्य यांच्या संदर्भात, आणि ते साहजिकच होते. शाळांची मदत थांबली तर त्या आठवड्यात कोणी दगावत नाही, त्यामुळे तिची बातमी होत नाही. म्हणून हा धागा.

१९९० मध्ये थायलंडमधील जोमटिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावर जागतिक परिषद भरली. २००० मध्ये डाकार येथे जमलेल्या देशांनी असे वचन दिले की, शिक्षणाचा मनापासून संकल्प केलेल्या कोणत्याही देशाचे काम केवळ पैशावाचून अडू दिले जाणार नाही. सर्व मुलांना शिक्षण देण्यासाठी ठरवलेली २०१५ ची मुदत टळली आणि आता २०३० ची मुदत आहे. मधल्या काळात काहीच झाले नाही असे कोणी म्हणू नये, कारण प्राथमिक वयाची शाळाबाह्य मुले २००० च्या सुमारास जगभरात दहा कोटींच्या आसपास होती, ती पुढच्या दशकभरात सहा कोटींच्या आसपास आली. मात्र शाळेत आलेले मूल शिकते आहे का, हे मोजायला सुरुवात झाली तेव्हा निराळेच चित्र दिसले. जागतिक बँकेच्या २०१९ च्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील दहा वर्षांच्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांना साधा उतारा वाचून समजत नव्हता, आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते.

माझे मत असे आहे की, देणाऱ्याला ज्या गोष्टींवर खर्च करणे सोयीचे असते त्यांवरच मदत खर्च होते: इमारत, पुस्तके, संगणक, परिसंवाद. शिक्षकाच्या रोजच्या अध्यापनापर्यंत ती क्वचित पोचते. सदस्यांचा अनुभव आणि वाचन काय सांगते? मदत द्यायचीच असेल तर ती कशासाठी द्यावी?

शंकेखोर:

‘कशासाठी द्यावी’ याच्या आधी ‘द्यावी का’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर धाग्यात गृहीत धरले आहे. शाळा चालवणे हे सरकारचे मूलभूत काम आहे. त्यासाठी सरकारला कर गोळा करावा लागतो, आणि कर देणारा नागरिक हिशेब मागतो. पैसा बाहेरून आला की हिशेबही बाहेरच दिला जातो. शिक्षणमंत्र्याला गावातल्या पालकापेक्षा देणगीदार देशाच्या प्रतिनिधीचा धाक अधिक वाटू लागतो. शिवाय शिक्षणासाठी परदेशातून रक्कम आली की अर्थखाते स्वतःची तेवढीच रक्कम शिक्षणातून काढून अन्यत्र वळवू शकते. कागदोपत्री मदत शाळेला मिळालेली असते आणि प्रत्यक्षात तिने मंत्र्यांच्या मोटारी घेतलेल्या असतात.

पाटीवरचा:

नावाला साजेसा प्रतिसाद. आता पुढचे सर्व प्रतिसाद शंकेखोर यांनाच उद्देशून असतील, असे भाकीत नोंदवून ठेवतो.

हिशेबनीस:

पाटीवरचा यांचे भाकीत निम्मेच खरे करतो. लेखापरीक्षणाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला आधी आकड्यात काय काय धरले आहे ते पाहण्याची सवय आहे.

शिक्षणासाठी दिलेल्या मदतीतला बराचसा पैसा देणाऱ्या देशाची सीमाच ओलांडत नाही. गरीब देशांतील विद्यार्थी जर्मनी किंवा फ्रान्समधील विद्यापीठांत शिकतात. त्यांच्या शिष्यवृत्त्या आणि त्यांच्यावर होणारा विद्यापीठांचा खर्च नियमानुसार विकास मदतीत धरता येतो. यात बेकायदा काही नाही आणि त्या विद्यार्थ्यांचे भलेही होते, पण शिक्षणाची मदत वाढली ही बातमी वाचून ती पहिलीच्या वर्गापर्यंत पोचली असे समजण्याचे कारण नाही.

आता शंकेखोर यांच्या हिशेबाच्या मुद्द्याविषयी. युगांडाचे सरकार शाळांना विद्यार्थिसंख्येनुसार वेतनेतर अनुदान देत असे. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेन्सन या संशोधकांनी शाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९९१ ते १९९५ या काळात त्यातील सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळांना मिळाल्याचे दिसले. उरलेली स्थानिक अधिकारी आणि पुढारी यांनी मध्येच अडवली होती. त्यानंतर कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली हे सरकारने वृत्तपत्रांत छापण्यास आणि शाळांमध्ये फलकावर लावण्यास सुरुवात केली, आणि पोचणारा हिस्सा काही वर्षांत ८० टक्क्यांच्या वर गेला. सगळे श्रेय वृत्तपत्रांना द्यावे का यावर पुढे वाद झाला, कारण त्याच काळात इतरही सुधारणा चालू होत्या. तरीसुद्धा बाहेरच्या पैशाने केलेली मोजणी गावातल्या पालकाच्या हाती हिशेब देऊ शकते, एवढे तरी या उदाहरणावरून मानायला हरकत नसावी.

शंकेखोर:

ते अनुदान युगांडा सरकारचे स्वतःचे होते. म्हणजे उदाहरण माझ्या बाजूचे झाले.

हिशेबनीस:

अनुदान त्यांचे आणि मोजणी जागतिक बँकेची. निम्मे तुमचे, निम्मे माझे.

पाटीवरचा:

मध्ये कोणी अडवले नाही तर प्रत्येकाला आपापले निम्मे मिळेल.

भटकी लेखणी:

मी काही वर्षे पूर्व आफ्रिकेत शिक्षणप्रकल्पांच्या मूल्यमापनाचे काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत मोठा बदल घडला तो शुल्क रद्द झाल्यामुळे, आणि तो निर्णय देणगीदारांनी घेतलेला नव्हता. मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांचे शुल्क काढून टाकले. मलावी आणि केनिया येथे तर हे थेट निवडणुकीतले आश्वासन होते. मलावीतील पटसंख्या एका वर्षात सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेली. एवढी मुले एकाच वर्षी पहिलीच्या दारात उभी राहिली तर काय होते, याची कल्पना करून पाहावी. शंभराहून अधिक मुलांचे वर्ग, त्यांतले काही झाडाखाली, आणि घाईघाईने भरती केलेले अप्रशिक्षित शिक्षक. परदेशी मदत त्यानंतर धावून आली. तिने वर्गखोल्या बांधल्या, पुस्तके छापली, आणि तिच्याशिवाय ती लाट पेलणे त्या सरकारांना शक्य नव्हते. शंकेखोर यांचा कराचा सिद्धांत मला तत्त्वतः पटतो, पण त्या वर्षी पहिलीत आलेल्या मुलाने करसंकलन सुधारेपर्यंत थांबावे, असे त्याला कोण सांगणार?

आता पुस्तकांविषयी. पश्चिम केनियातील ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके मोफत देऊन मायकेल क्रेमर व सहकाऱ्यांनी परिणाम मोजला होता. तोपर्यंत पुस्तके वाटणे हा सर्वांत निर्धोक उपाय समजला जाई. सरासरी गुणांत वाढ दिसली नाही. जी मुले आधीपासून पुढे होती त्यांचेच गुण वाढले. पुस्तके इंग्रजीत होती, आणि इंग्रजी ही त्यांपैकी अनेक मुलांची तिसरी भाषा होती. अधिकृत पाठ्यपुस्तक वर्गातल्या बहुतेक मुलांना वाचताच येत नव्हते. म्हणून धागाकर्तीच्या मताला मी एक दुरुस्ती सुचवते. वस्तू देणे नेहमीच व्यर्थ नसते, पण ती वस्तू कोणत्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहे हे क्वचितच विचारले जाते.

आणखी एक गोष्ट, जी अहवालांत कधी येत नाही. एका जिल्ह्यात मुख्याध्यापकांना एकच पट तीन देणगीदारांसाठी तीन निरनिराळ्या नमुन्यांत भरून द्यावा लागत होता, कारण तिघांची आर्थिक वर्षे वेगळी आणि ‘शाळाबाह्य’ या शब्दाची व्याख्याही वेगळी होती. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणाऱ्या देशांनी आपसांत मेळ घालण्याचे आणि त्या त्या देशाच्याच यंत्रणा वापरण्याचे कबूल केले होते. तो जाहीरनामा त्या मुख्याध्यापकांनी वाचलेला नसावा, आणि नमुने पाठवणाऱ्यांनीही.

निवृत्त गुरुजी:

भटकी लेखणी यांच्या मुख्याध्यापकांना माझा नमस्कार कळवावा. माझी सेवा निराळ्या देशात झाली, तरी ते तीन नमुने मला परके वाटले नाहीत.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी थोडे लिहितो, कारण मदतीचा मोठा भाग त्यावर खर्च होतो. प्रशिक्षण बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, सभागृहात, चार-पाच दिवसांचे असते. बालककेंद्री अध्यापनावर अखंड व्याख्यान होते, म्हणजे पद्धत बालककेंद्री आणि शिकवणारा मात्र व्याख्यानकेंद्री. दैनिक भत्ता मिळतो, आणि ज्याला पगार तीन महिने मिळालेला नाही असा शिक्षक त्या भत्त्यासाठी आला तर मी त्याला दोष देणार नाही. त्या दिवसांत त्याच्या वर्गात कोण असते? बहुधा कोणी नसते. परत आल्यावर त्याने नवी पद्धत वर्गात करून पाहिली का, हे पाहायला कोणी येत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेचे दुसरे प्रशिक्षण येते. नवख्या शिक्षकाला उपयोग होतो तो वर्गात शेजारी बसून, पाठ पाहून, शांतपणे चार गोष्टी सांगणाऱ्या माणसाचा, आणि तो माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा यावा लागतो.

आकडेमोड:

गुरुजींनी अनुभवाने जे लिहिले तेच संशोधनातून पुढे आलेले आहे. केनियात ‘तुसोमे’ नावाचा वाचनाचा कार्यक्रम २०१५ पासून देशभर राबवला गेला, पैसा यूएसएडचा आणि यंत्रणा केनिया सरकारची. प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक, शिक्षकाच्या हाती दर दिवसाच्या पाठाची सविस्तर मार्गदर्शिका, आणि वर्गात येऊन पाठ पाहणारे सरकारी अधिकारी अशी त्याची रचना होती. मुलांच्या वाचनात फरक पडला, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर असा फरक पडल्याची उदाहरणे जगात थोडी आहेत.

धाग्यातल्या मूळ प्रश्नासाठी मला तीन प्रयोग महत्त्वाचे वाटतात.

इंडोनेशियात प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचे वेतन जवळजवळ दुप्पट करण्यात आले. शिक्षकांचे समाधान वाढले, जोडधंदे कमी झाले, पण मुलांच्या शिकण्यात काहीही फरक दिसला नाही. टांझानियात ३५० शाळांमध्ये प्रयोग झाला. काही शाळांना केवळ अनुदान दिले आणि शिकण्यात फरक पडला नाही. काही ठिकाणी मुलांच्या प्रगतीवर आधारित बक्षीस शिक्षकांना दिले, तेथे परिणाम संमिश्र आणि किरकोळ राहिला. जिथे दोन्ही एकत्र दिले तिथे मात्र मुले स्पष्टपणे पुढे गेली. म्हणजे साधन आणि प्रयत्न यांपैकी एकटे काहीच पुरत नाही.

तिसरा प्रयोग केनियातला, आणि तो शंकेखोर व हिशेबनीस या दोघांनीही नीट पाहावा असा आहे. शाळांना एक जादा कंत्राटी शिक्षक दिला. काही ठिकाणी हे काम आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने केले, काही ठिकाणी सरकारने. नियम तेच, वेतनही तुलना करता येईल असेच. संस्थेकडच्या शाळांत मुलांचे गुण वाढले आणि सरकारकडच्या शाळांत काहीही झाले नाही. सरकारी बाजूला वेतन उशिरा मिळत होते, देखरेख ढिली होती आणि शिक्षक संघटनेचा विरोध होता.

शंकेखोर:

धन्यवाद. म्हणजे मदतीने चालणारे लहान बेट यशस्वी होते आणि मुख्य भूमी आहे तिथेच राहते, हेच मी सांगत होतो. संस्था सरकारबाहेर उत्तम काम करते, चांगली माणसे अधिक वेतनावर स्वतःकडे ओढते, आणि शिक्षण खाते होते त्याहून दुबळे होते.

आकडेमोड:

अर्धे मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष ‘मदत नको’ असा नाही. देखरेख आणि वेळेवर वेतन या कंटाळवाण्या गोष्टी जमल्या तर योजना चालते आणि न जमल्या तर तीच योजना बुडते, असा तो आहे. मदत त्या कंटाळवाण्या गोष्टींसाठी का मिळू नये?

पाटीवरचा:

कारण वेळेवर झालेल्या पगाराचे उद्घाटन करता येत नाही. कोनशिला कुठे बसवणार?

उंबरठा:

इमारतींची एवढी थट्टा करू नये, अशी विनंती करण्यासाठी लिहिते आहे. मुलींच्या बाबतीत अंतर हाच सर्वांत मोठा प्रश्न असतो, आणि अंतर कमी करायचे तर शाळा जवळच उभारावी लागते.

अफगाणिस्तानातील घोर प्रांतात ३१ गावांमध्ये एक अभ्यास झाला. काही गावांत गावातच छोटी शाळा सुरू केली, उरलेल्या गावांतील मुले पूर्वीप्रमाणे दूरच्या सरकारी शाळेत जात राहिली. गावात शाळा आली तिथे शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण शंभरामागे पन्नासहून अधिकने वाढले, आणि मुलगे व मुली यांच्या नावनोंदणीतली तफावत जवळजवळ नाहीशी झाली. त्या शाळा भव्य नव्हत्या. गावाने दिलेल्या जागेत त्या भरत असत. बुर्किना फासोमध्ये अमेरिकी मदतीने बांधलेल्या शाळांत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पाणी आणि भोजन यांची सोय होती, आणि तिथेही नावनोंदणी लक्षणीय वाढली. बांगलादेशात १९९४ पासून माध्यमिक शाळेतील ग्रामीण मुलींना विद्यावेतन मिळू लागले. त्यासाठी पंचाहत्तर टक्के उपस्थिती, ठरावीक गुण आणि अविवाहित राहणे अशा अटी होत्या. त्याला जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि नॉर्वे यांचे साहाय्य होते. पुढे मुलीला शिकायला मिळेल असे दिसले की तिला प्राथमिक शाळेतून काढण्याची घाई कमी होते.

आणि अफगाणिस्तानात २०२१ नंतर सहावीपुढच्या मुलींसाठी शाळाच बंद झाल्या. तिथे मदत बंद करावी, की गावातल्या खालच्या वर्गांसाठी चालू ठेवावी? मी चालू ठेवावी या मताची आहे, पण त्यामुळे बंदी घालणाऱ्यांवरचा दबाव कमी होतो असे म्हणणाऱ्यांचे म्हणणेही मला फेटाळता येत नाही.

मुळाक्षर:

उंबरठा, तुमच्या प्रतिसादामुळे प्रश्न अधिक नेमका झाला. मूल शाळेत येणे आणि आलेले मूल शिकणे या दोन अडचणींची औषधे वेगळी आहेत असे दिसते.

आकडेमोड:

तसेच आहे. जंतनाशक गोळ्यांचे उदाहरण घ्या. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांच्या २००४ च्या निबंधानुसार केनियातील शाळांत या गोळ्या दिल्यावर अनुपस्थिती सुमारे चतुर्थांशाने घटली, पण परीक्षेतील गुण वाढले नाहीत. या निबंधाच्या फेरतपासणीवरून २०१५ मध्ये मोठे वादळ उठले होते, त्यात इथे शिरत नाही. गोळी स्वस्त आहे आणि ती द्यावीच, पण तिच्याकडून वाचन शिकवण्याची अपेक्षा करू नये.

पाटीवरचा:

संगणकांचा उल्लेख धाग्याच्या पहिल्याच प्रतिसादात येऊनही त्यांच्यावर अद्याप कोणी तुटून पडले नाही, याचे आश्चर्य वाटते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही मोहीम शंभर डॉलरच्या यंत्राचे स्वप्न दाखवून सुरू झाली होती. पेरूने लाखो यंत्रे घेतली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात दर मुलामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेल्याचे आढळले, आणि भाषा व गणित यांच्या गुणांत काहीही बदल आढळला नाही. दर मुलामागे एकाहून अधिक संगणक, हा आकडा मला विशेष भावला.

निवृत्त गुरुजी:

संगणक राहू द्या, मुलाला कळणाऱ्या भाषेचे पाहा. युनेस्कोच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ४० टक्के लोकांना त्यांना येणाऱ्या भाषेत शिक्षण उपलब्ध नाही. इथियोपियाने १९९४ च्या धोरणात प्राथमिक शिक्षण स्थानिक भाषांतून देण्याचे ठरवले. याउलट रवांडाने २००८ मध्ये फ्रेंच सोडून इंग्रजी माध्यम घेण्याचे ठरवले आणि ज्या शिक्षकांना इंग्रजी येत नव्हते त्यांनी इंग्रजीतून शिकवावे अशी अपेक्षा केली. देणगीदार देशांची स्वतःची भाषा या निर्णयांत किती डोकावते, हे उघडपणे कोणी लिहीत नाही.

भटकी लेखणी:

गुरुजी, याच विषयावर उत्तर युगांडातील लांगो भाषिक भागात झालेले काम पाहण्यासारखे आहे. सुरुवातीच्या वर्गांत मातृभाषेतून वाचन, पाट्या, पुस्तके, घड्याळ, शिक्षकांना वारंवार प्रत्यक्ष साहाय्य अशी ती योजना होती. पूर्ण स्वरूपात ती दिली तेव्हा मुलांच्या वाचनात फार मोठी वाढ झाली. मग ती सर्वत्र नेता यावी म्हणून कमी खर्चाची आवृत्ती केली. काही साहित्य काढले, भेटी कमी केल्या आणि काम सरकारी प्रशिक्षकांकडे सोपवले. वाचनातील वाढ बरीच ओसरली आणि लेखनाच्या काही कौशल्यांत तर मुले मागे पडली. खर्चात बचत करताना योजनेचा कणा कोणता हे कोणालाच ठाऊक नव्हते. मदतीच्या जगात ‘विस्तार’ हा शब्द फार सहज वापरतात, म्हणून हे लिहिले.

सागरगोटा:

धागा उशिरा वाचला. शंकेखोर यांना दक्षिण कोरियाची आठवण करून द्यायची आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात १९५४ मध्ये पाठ्यपुस्तकांचा छापखाना उभा राहिला तो संयुक्त राष्ट्रांची पुनर्रचना संस्था आणि युनेस्को यांच्या पैशाने. २०१० मध्ये तोच देश देणगीदार देशांच्या समितीत जाऊन बसला, आणि २०३० च्या शिक्षण उद्दिष्टांचा जाहीरनामा २०१५ मध्ये त्याच देशातील इंचॉन येथे संमत झाला.

शंकेखोर:

सागरगोटा, उदाहरण चांगले आहे, पण अपुरे आहे. कोरियात त्याच सुमारास जमिनीचे फेरवाटप झाले होते, पालकांमध्ये शिक्षणाची प्रचंड ओढ होती आणि ते स्वतःच्या खिशातून शाळांना पैसे देत होते. छापखाना परदेशी होता, तरी पुस्तके कोणती छापायची आणि ती कोण शिकवणार हे कोरियाने ठरवले. अशी मदत असेल तर माझा विरोध नाही. यंत्र द्या, ते चालवणाऱ्याला शिकवा आणि निघा.

हिशेबनीस:

शंकेखोर यांची ही सर्वांत मवाळ ओळ जपून ठेवली पाहिजे. मात्र ‘निघा’ यातच खरी अडचण आहे.

प्राथमिक शिक्षणाच्या सरकारी खर्चाचा सर्वांत मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो, आणि वेतन हा दरवर्षी, कायम करावा लागणारा खर्च आहे. देणगीदारांची बांधिलकी तीन ते पाच वर्षांची असते. त्यामुळे वेतनासाठी पैसा द्यायला ते बिचकतात आणि घ्यायला सरकारही बिचकते, कारण प्रकल्प संपल्यावर त्या शिक्षकांचे काय करायचे? त्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यक्रमांत अनेक देशांवर सरकारी वेतनखर्चाची मर्यादा घातलेली असे. टीका झाल्यावर २००७ च्या सुमारास ही पद्धत आवरती घेण्यात आली. म्हणजे एका दालनात ‘मुलांना शाळेत आणा’ असे सांगितले जाई आणि शेजारच्या दालनात ‘शिक्षक नेमू नका’ असे. सरकारच्या अर्थसंकल्पालाच थेट मदत दिली तर वेतनाचा प्रश्न सुटतो, पण तो मार्ग किती ठिसूळ आहे हे मलावीत २०१३ मध्ये दिसले. सरकारी तिजोरीतील मोठा अपहार उघडकीस आला आणि देणगीदारांनी अर्थसंकल्पाला दिलेली मदत रोखली. चोरी अधिकाऱ्यांनी केली आणि टंचाई शाळांच्या वाट्याला आली.

भारतातल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाचा अनुभव इथे उपयोगी आहे. १९९४ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा जागतिक बँक, युरोपीय समुदाय, ब्रिटन आदींचा पैसा केंद्रामार्फत येऊन खर्चाचा ८५ टक्के भाग उचलत असे आणि १५ टक्के राज्यांनी द्यावयाचे असत. आधीची तरतूद कमी करू नये अशी अटही राज्यांवर होती, म्हणजे शंकेखोर यांच्या पहिल्या आक्षेपाची कल्पना करार लिहिणाऱ्यांना होती. २००१ पासूनच्या सर्व शिक्षा अभियानात मुख्य भार भारतीय करदात्यानेच उचलला. तिथे मदत ओसरली तरी शाळा उभ्या राहिल्या, कारण खर्च उचलू शकणारी अर्थव्यवस्था मागे वाढत होती. मलावीकडे ती नाही.

आकडेमोड:

त्याच संदर्भात एक भर घालतो. वयाऐवजी मुलाच्या प्रत्यक्ष पातळीनुसार गट करून काही तास केवळ वाचन व गणित शिकवण्याची ‘प्रथम’ या भारतीय स्वयंसेवी संस्थेची पद्धत पुढे झांबियाच्या सरकारने ‘कॅच अप’ या नावाने स्वीकारली. एका गरीब देशात सिद्ध झालेली कल्पना दुसऱ्या गरीब देशात नेण्यासाठी लागलेला पैसा परदेशी मदतीतून आला. या प्रकारच्या मदतीची रक्कम इमारतींच्या मानाने लहान असते.

मुळाक्षर:

इतके वाचल्यावर मूळ प्रश्न अधिक अरुंद करून पुन्हा विचारते. समजा, एखाद्या देणगीदाराने एका गरीब देशाला दहा वर्षे ठरलेली, न बदलणारी रक्कम देण्याचे कबूल केले. करारात आपण एकच कलम घालू शकतो. ते कोणते असावे?

उंबरठा:

पाच वर्षांच्या मुलीला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर पहिली व दुसरीचा वर्ग असावा. बाकीचे कलह नंतर.

निवृत्त गुरुजी:

प्रत्येक नव्या शिक्षकाच्या वर्गात महिन्यातून एकदा एका जाणत्या शिक्षकाने पूर्ण पाठ बसून पाहावा, आणि त्या भेटीचा अहवाल एका पानापेक्षा मोठा नसावा.

शंकेखोर:

पहिल्या वर्षापासून खर्चातला सरकारचा वाटा दरवर्षी वाढावा, दहाव्या वर्षी तो पूर्ण व्हावा, आणि आकडे युगांडाप्रमाणे शाळेच्या दारावर लावावेत. ‘तुसोमे’ची एवढी स्तुती झाली म्हणून आकडेमोड आणि गुरुजी यांना विचारतो: वर्गात जाऊन पाठ पाहणारा अधिकारी सरकारी होता हे उत्तम, पण गावोगाव जाण्याचा त्याचा प्रवासखर्च कोण देत होते?

आकडेमोड:

अधिकारी आणि त्याचे वेतन सरकारचे होते. भेटींचा प्रवासखर्च आणि भेटीची नोंद करण्यासाठी दिलेले टॅबलेट प्रकल्पाचे होते.

शंकेखोर:

मग माझे कलम त्या प्रवासखर्चापासून सुरू करा.

निवृत्त गुरुजी:

याला माझे अनुमोदन आहे. शंकेखोर यांच्याशी सहमत होण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते, पण अधिकारी शाळेत न येण्याची जितकी कारणे मी सेवेत ऐकली, त्यांत हे कारण नेहमी पहिले असे.

हिशेबनीस:

रक्कम लहान असल्यामुळे अर्थखाते तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि कपात करताना नेमके तेच शीर्ष आधी कापले जाते. करारात त्याला स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावे, ‘इतर खर्च’ यात मिसळू नये. मसुदा करायचा असेल तर ते कलम मी लिहून देतो.